गोड न सोसणारं लेकरू : अल्डोलेज बी जनुकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाळवा तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या भाच्याला वयाच्या चौथ्या वर्षी 'आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता' असल्याचं कळलं, म्हणजे अल्डोलेज बी नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे फळांतली-मधातली साखर, फ्रुक्टोज, न सोसण्याचा जन्मजात आजार. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी, अंगणवाडीच्या बाई, औषधाच्या दुकानातला पोरगा, सगळे मला तेच तेच विचारतात, कारण घरात 'सायन्सवाली' मीच. शेवटी एकदाचं लिहून काढलं. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. मी डॉक्टर नाही. औषध आणि पथ्य तुमच्या बालरोगतज्ज्ञाला विचारूनच.

"पोरगं गोड खात न्हाई, ह्यो काय आजार झाला व्हय?"

नुसतं गोड न आवडणं हा आजार नाही. पण गोड पोटात गेल्यावर दर वेळी उलटी, घाम, मरगळ येत असेल आणि पोर गोड बघूनच तोंड फिरवत असेल, तर ते नखरे नाहीत. पोर आपल्या परीनं सांगत असतं.

आमच्याकडे हे कळायला साडेतीन वर्षं गेली. सहा महिने नुसत्या अंगावरच्या दुधावर बाळ गुटगुटीत होतं. उष्टावणाला मामानं चांदीच्या वाटीतून गुळाची खीर चाटवली आणि अर्ध्या तासात बाळानं सगळं बाहेर टाकलं. "पहिल्यांदाच खाल्लंय, होतं असं." नंतर "दात येतायत." मग "नजर लागली." मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. अशक्तपणा दिसला की आई, म्हणजे बाळाची आजी, गुळाचं पाणी पाजायची. आमच्या भागात अशक्तपणावर औषध म्हणजे गूळ. बाळ आणखी मलूल व्हायचं, मग आणखी गूळ. एका डॉक्टरांनी भूक लागावी म्हणून गोड टॉनिक लिहून दिलं, दिवसातून तीनदा. त्या पंधरवड्यात पोराचं वजन घटलं आणि पोट मात्र पुढं आलं. यकृत वाढलं होतं, ते पुढं कळलं.

हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. मी स्वतः तेव्हा त्याचं नाक दाबून टॉनिक पाजलंय.

"म्हणजे लहानपणीच शुगर झाली म्हणायची?"

नाही. सगळ्यांत जास्त गोंधळ इथंच होतो. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं किंवा नीट चालत नाही आणि रक्तातलं ग्लुकोज वाढतं. इथं उलटं होतं. फ्रुक्टोज पोटात गेलं की रक्तातलं ग्लुकोज धाडकन खाली येतं. ग्लुकोज या मुलांना चालतं. भात चालतो, भाकरी चालते. चालत नाही ते फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली आणि मधातली साखर. आणि आपली रोजची साखर ही अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज असते. दोन्हींचा एकेक रेणू जोडला की साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा, एक रेणू होतो. पोटात गेल्यावर तो जोड सुटतो.

तेव्हा 'शुगर-फ्री' मिठाई आणली म्हणून प्रश्न सुटत नाही, उलट वाढू शकतो. त्यातल्या बऱ्याच मिठाया खजूर-अंजिराच्या असतात, म्हणजे फ्रुक्टोजच. काहींत सॉर्बिटॉल असतं. सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोज होतं. माल्टिटॉलमधूनही सॉर्बिटॉल सुटतं.

"पण शरीरात नेमकं बिघडतं काय?"

कारखान्याचं उदाहरण दिलं की आपल्या भागात लगेच कळतं. ऊस भरलेल्या गाड्या गेटवर येतात, वजनकाट्यावर जातात, मग गव्हाणीत मोळ्या पडतात. आता समजा, काटा चालू आहे आणि गव्हाण बंद आहे. काट्यावरून आत आलेली गाडी मागे फिरू शकत नाही आणि पुढे रिकामीही होऊ शकत नाही. अंगण गाड्यांनी भरून जातं.

यकृताच्या पेशीत फ्रुक्टोज आलं की फ्रुक्टोकायनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतं. हा झाला काटा, आणि तो फार झपाट्यानं चालतो. यातून तयार झालेलं फ्रुक्टोज-1-फॉस्फेट पेशीबाहेर पडू शकत नाही. त्याचे दोन तुकडे करून पुढच्या कामाला लावण्याचं काम अल्डोलेज बी या विकराचं. हीच गव्हाण, आणि या मुलांत तीच बंद असते.

गाड्या अडकतात ते एक झालं. पण दर गाडीला काट्यावर फॉस्फेटचं एक टोकन दिलेलं असतं आणि ती टोकनंही गाडीबरोबर अडकून पडतात. पेशीची ऊर्जा ज्या एटीपीत साठते, तो बनवायला फॉस्फेट लागतं. ते संपलं की पेशीची वीजच जाते. एटीपी मोडत जातो आणि रक्तात यूरिक ॲसिड वाढतं. वर साठलेलं फ्रुक्टोज-1-फॉस्फेट यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या ग्लुकोजचा, साठा फोडणाऱ्या विकरालाही अडवतं आणि नवं ग्लुकोज बनवण्याचा रस्ताही रोखतं. म्हणून कणगीत धान्य असून घर उपाशी राहतं. अशा वेळी साठा मोकळा करण्यासाठी ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊनही उपयोग होत नाही. शिरेतून ग्लुकोजच द्यावं लागतं.

"त्या जनुकाचं नाव काय? ते कुठं असतं?"

अहवालात 'एएलडीओबी' असं लिहिलेलं असतं. हे जनुक नवव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं, साधारण साडेचौदा हजार अक्षरांचं आणि 9 एक्सॉनांत, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेल्या तुकड्यांत, विभागलेलं. त्यावरून 364 अमिनो आम्लांची प्रथिनाची साखळी बनते आणि अशा चार साखळ्या एकत्र आल्या की विकर कामाला लागतं. ते मुख्यतः यकृत, मूत्रपिंड आणि लहान आतडं या तीन ठिकाणी असतं. म्हणून त्रासही तिथंच होतो. स्नायूंत आणि मेंदूत याची भावंडं, अल्डोलेज ए आणि अल्डोलेज सी, काम करतात. त्यांची जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर, 16 आणि 17 वर असतात.

बिघाड किती बारीक असू शकतो ते बघा. युरोपात सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे साखळीत 149व्या जागी अॅलॅनीन हवं तिथं प्रोलीन येतं. प्रोलीन साखळीला वाकवतं, चौघांची बैठक नीट जमत नाही आणि विकर ढिलं पडतं. बिघाडांचे आणखी बरेच प्रकार आहेत, त्यामुळे फक्त हा एकच बदल तपासून 'नाही' म्हणता येत नाही.

"हा आजार नवीन निघालाय का? आमच्या वेळी नव्हता."

असेल, कळत नव्हता. लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात 1956 मध्ये चेंबर्स आणि प्रॅट यांनी 24 वर्षांच्या एका बाईची हकिगत छापली. फळं आणि साखर खाल्ली की तिला त्रास व्हायचा, ग्लुकोजनं होत नव्हता. पुढच्याच वर्षी झुरिकच्या फ्रोश आणि सहकाऱ्यांनी हा घराण्यात चालत येणारा आजार असल्याचं मांडलं. 1961 मध्ये हर्स आणि जोआसाँ यांनी यकृतातल्या नेमक्या विकराची कमतरता दाखवली. युरोपातला अंदाज साधारण 20 ते 30 हजार जन्मांमागे एक असा आहे.

जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन करतात त्या चाळणी-तपासणीत हा आजार सापडत नाही. फ्रुक्टोज पोटात जाईपर्यंत बाळाच्या रक्तात काही वेगळं दिसतच नाही.

"लक्षणं कधी आणि कोणती दिसतात?"

अंगावरच्या दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. त्यात फ्रुक्टोज नाही, म्हणून दुधावर असेपर्यंत बाळ ठणठणीत असतं. घोटाळा वरचं अन्न सुरू झाल्यावर होतो. काही घरांत त्याआधीही होतो, कारण जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची रीत. मधात जवळजवळ चाळीस टक्के फ्रुक्टोज असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये असं डॉक्टर वेगळ्या कारणानं, बॉट्युलिझम या जंतूंच्या विषानं होणाऱ्या आजाराच्या धोक्यासाठी, सांगतातच.

खाल्ल्यावर लगेच दिसतं ते मळमळ, उलटी, पोटदुखी, घाम, थरथर, सुस्ती, कधी झटका. रोज थोडं थोडं जात राहिलं तर वाढ खुंटते, कावीळ होते, यकृत वाढतं, रक्त गोठायला वेळ लागतो. मूत्रपिंडातून फॉस्फेट, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट लघवीवाटे वाहून जातात. वेळेत कळलं नाही तर तान्ह्या बाळाचा जीवही जाऊ शकतो.

थोडं मोठं झालेलं पोर मात्र शहाणं होतं. आमचं पोर तीन वर्षांचं असताना गुऱ्हाळावर नेलं होतं. काहिलीत रस उकळत होता, पोरं उसाच्या कांडीला तापता गूळ लावून चाटत होती. हा चुलवणापासून वीस पावलं लांब उभा, दोन्ही हात पाठीमागं. "भित्रं हाय," म्हणाले सगळे.

"साध्या लघवीच्या तपासणीत दिसतं का?"

दिसू शकतं, पण कुठली तपासणी करता त्यावर आहे. यात माझ्या विषयाचा संबंध येतो म्हणून जरा सविस्तर.

लघवीत बुडवायची पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. तिच्यावरचं रसायनच तसं असतं. फ्रुक्टोज असलं तरी पट्टीचा रंग बदलत नाही आणि अहवालात 'साखर : नाही' असं येतं. जुनी बेनेडिक्टची चाचणी मात्र कुठलीही क्षपणकारक साखर, म्हणजे द्रावणातल्या तांब्याशी क्रिया करून रंग बदलणारी ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर, पकडते. आमच्या प्रयोगशाळेत अकरावी-बारावीची मुलं ती करतात. परीक्षानळीत निळंशार बेनेडिक्टचं द्रावण, त्यात नमुन्याचे आठ थेंब, मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. साखर असली तर निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी आणि भरपूर असेल तर विटेचा लाल गाळ खाली बसतो.

भाच्याची पट्टी दोनदा कोरी आली होती. तिसऱ्यांदा दवाखान्यातल्या वयस्कर तंत्रज्ञ बाईंनी स्वतःहून बेनेडिक्ट लावून बघितली. पिवळा रंग आला. "साखर आहे, पण ग्लुकोज नाही," एवढंच त्या म्हणाल्या. माझ्या डोक्यात तिथंच काहीतरी हललं. दर वर्षी शिकवते, पण घरच्या पोराची लघवी त्या नळीत कधी दिसली नव्हती.

एवढ्यावर निदान होत नाही. गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज न सोसण्याच्या आजारातही, असंच दिसतं. आणि फ्रुक्टोज खाल्लेलं नसेल तर बेनेडिक्टही निळीच राहते. हा फक्त सुगावा.

"मग पक्कं निदान कशानं?"

जनुक तपासणीनं. दोन-तीन मिलिलिटर रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवतात आणि अहवालाला काही आठवडे लागतात. तोवर काय करायचं? शंका असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न बघता फ्रुक्टोज बंद करायला सांगतात. बऱ्याच मुलांत काही दिवसांतच फरक दिसतो आणि तोच मोठा पुरावा असतो.

पूर्वी शिरेतून फ्रुक्टोज देऊन रक्त तपासायचे. ते धोक्याचं आहे. आणि घरी 'जरा देऊन बघू, होतंय का' असं चुकूनही करू नका.

"आमच्या पाव्हण्यांत एकाला फळं पचत नाहीत, त्याला हेच असेल का?"

बहुधा नाही. फळं खाल्ल्यावर पोट फुगणं, गॅस, जुलाब हे आतड्यात फ्रुक्टोज नीट शोषलं न गेल्यानंही होतं. ते त्रासदायक असतं, पण त्यात यकृत बिघडत नाही. फ्रुक्टोकायनेजच नसलेली माणसंही असतात. त्यांच्याकडे काटाच बंद! फ्रुक्टोज लघवीतून निघून जातं आणि काहीच त्रास होत नाही. तिसरा एक आजार फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटेज या विकराच्या कमतरतेचा. त्यात उपाशी राहिल्यावर, तापात, साखर उतरते आणि रक्तात आम्ल वाढतं. आपल्या आजारात फ्रुक्टोज टाळलं तर उपासाचा तसा त्रास होत नाही. हे वेगळेपण डॉक्टरांनीच ओळखायचं.

"आईबापाला काही नाही, मग पोराला कुठनं आलं?"

दोघांकडून. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली आणि एक चांगली असेल तर माणसाला काही होत नाही, तो फक्त वाहक. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. पहिलं आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. मुलगा-मुलगी फरक नाही.

आता नाजूक विषय. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. माझ्या भावानंही केली. हिशेब मांडून दाखवते. समजा आजोबा वाहक होते. त्यांच्या मुलाकडे, म्हणजे मामाकडे, ती प्रत जायची शक्यता निम्मी, आणि मामाच्या मुलीकडे त्याच्या निम्मी, म्हणजे चारात एक. आत्याकडून आत्याच्या मुलाकडेही तसंच चारात एक. दोघं नवरा-बायको झाले तर दोघंही वाहक असण्याची शक्यता सोळात एक, आणि बाळ आजारी होण्याची चौसष्टात एक. अनोळखी घरातली सून आणली असती तर ती वाहक असण्याचीच शक्यता मुळात फार थोडी. म्हणून नात्यातल्या लग्नात असे झाकलेले आजार वर येतात. याचा अर्थ अशा प्रत्येक लग्नात होतंच असं नाही. चौसष्टातली त्रेसष्ट पोरं या आजारापुरती ठणठणीत असतात.

वहिनीला "तुझ्या माहेरचं" म्हणणाऱ्या एक-दोन बायकांना मी हाच हिशेब फळ्यावर मांडल्यासारखा समजावला. माहेर आणि सासर एकच आजोबा!

पुढच्या बाळाच्या वेळी घाबरायचं कारण नाही. जन्मल्यावर रक्त तपासायला पाठवायचं आणि अहवाल येईपर्यंत फक्त आईचं दूध. मध, गुटी, साखरपाणी काही नाही. आईचं दूध त्याला पूर्ण सुरक्षित असतं.

"मग त्याला जेवायला घालता तरी काय?"

हा प्रश्न विचारताना लोकांचा चेहरा असा होतो की जणू पोराला उपाशी ठेवलंय. भात, ज्वारीची भाकरी, दूध, साधं दही, ताक, तूप, लोणी, पनीर, अंडी, मासे, कोंबडी, मटण हे सगळं खातो. रविवारी मटणाच्या रश्श्याला सगळ्यांत पुढं तोच असतो, फक्त त्याचा रस्सा वेगळ्या पातेल्यात होतो. कारण आपल्या वाटणात कांदा असतो, खोबरं असतं, टोमॅटो असतो. कांदा-लसूण चटणीशिवाय सातारा-सांगलीत स्वयंपाक होत नाही असं मी समजत होते. वहिनीनं मिरची, जिरं, धणे, मिरी, मीठ यांची वेगळी पूड केली आणि आता आम्हीही तीच मागून घेतो.

पालक, मेथीसारख्या पालेभाज्या चालतात. भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकून दिलं की उरलीसुरली साखरही कमी होते. गाजर, बीट, रताळं, टोमॅटो, मटार, लाल भोपळा, गोड मका नाही. शेंगदाण्यातही साखर असते, आणि आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो? डाळी, कडधान्यं, गहू किती घ्यायचे ते आहारतज्ज्ञ मुलाच्या वजनावरून ठरवतात. आमच्या पोराचं माप तुमच्या पोराला लावू नका. हुरडा गोड लागतो तो उगाच नाही. कोवळ्या दाण्यात साखर जास्त असते, त्यामुळे जानेवारीत रानात गेलो की तो चटणी-दही खातो.

फळं सगळी बंद. तासगावची द्राक्षं आणि बेदाणे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सगळं. साताऱ्याचे कंदी पेढे, उसाचा रस, काकवी हे सांगायलाच नको. भडंगातही बऱ्याचदा पिठीसाखर असते. पावात साखर असते. सगळ्यांत फसवं ग्लुकोज बिस्किट. नाव ग्लुकोजचं, पण पुड्यामागे घटक वाचा, साखर असतेच. तीन वर्षं पाहुण्यांनी आमच्या पोराला तेच आणलं.

फळं नाहीत म्हणून क जीवनसत्त्व आणि फोलिक ॲसिड वेगळं द्यावं लागतं, आणि तेही साखर नसलेल्या गोळीतून. हे विसरलं जातं.

"थोडं चाललं तर? एक चमचा?"

गणित करू. वाढ खुंटू नये म्हणून दिवसाचं फ्रुक्टोज वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, असं प्रमाण सर्रास वापरलं जातं. पोर 14 किलोचं असेल तर दिवसाला 560 मिलिग्रॅम, आणि त्यात भाजी-धान्यातलं सगळं धरायचं. साखरेचा सपाट चमचा चार ग्रॅमचा, त्यात दोन ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम फ्रुक्टोज. एका चमच्यात चार दिवसांच्या जवळपास कोटा संपला.

"औषधांचं काय?"

इथं सर्वांत जास्त सावध राहावं लागतं, कारण औषध म्हटलं की आपण प्रश्न विचारत नाही. मुलांची बहुतेक पातळ औषधं साखरेच्या पाकात किंवा सॉर्बिटॉलमध्ये केलेली असतात. तापाचं, खोकल्याचं, प्रतिजैविकाचं, सगळी. पाकातलं सिरप असेल तर एका चमच्यात दोन-तीन ग्रॅम साखर सहज जाते. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगायचं, शक्यतो साधी गोळी कुटून घ्यायची आणि तिलाही साखरेचं आवरण नाही ना ते बघायचं.

होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्या उसाच्या साखरेच्या असू शकतात. आयुर्वेदातली आसवं, अरिष्टं, अवलेह गूळ-साखर-मधाशिवाय होत नाहीत. सितोपलादी चूर्णातली 'सिता' म्हणजे खडीसाखरच, आणि वर ते मधात चाटवायचं.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या : फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल, इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण) शिरेतून देऊ नये. युरोपात पूर्वी असं सलाइन चढवल्यानं माणसं दगावली आहेत. ग्लुकोजचं, म्हणजे डेक्स्ट्रोजचं, सलाइन चालतं. आमच्या पोराच्या दप्तरात असा कागद प्लास्टिकमध्ये घालून शिवलाय.

"लस द्यायची का नाही?"

द्यायची. फक्त तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या रोटाव्हायरसच्या काही लशींत साखर असते. निदान झालं असेल किंवा घरात आधीचं मूल असं असेल, तर डोस पाजण्याआधी डॉक्टरांना सांगा. टोचायच्या लशी या भीतीनं चुकवू नका.

"जुलाब-उलट्या झाल्या तर साखर-मीठ पाणी द्यायचं ना?"

या मुलांना नाही! शाळेत शिकवलेला हा चांगला उपाय इथं उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी वापरायची. तिच्यात दर लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, साखर नसते. पण दुकानात ओआरएससारख्या दिसणाऱ्या चवदार बाटल्या आणि खोकीही मिळतात, त्यांत साखर असू शकते. पुडीवर 'ग्लुकोज' किंवा 'डेक्स्ट्रोज' लिहिलंय आणि 'सुक्रोज' नाही, एवढं वाचा. साधी ग्लुकोज पावडर चालते, स्वादाची बघून घ्या.

"मोठेपणी जाईल का? गोळी निघाली का?"

जात नाही, जन्मभराचा आहे. पण पथ्य पाळलं तर यकृत-मूत्रपिंड सावरतात, उंची-वजन भरून निघतं, अभ्यास-नोकरी सगळं होतं. काहींच्या यकृतात पथ्यावरही चरबी राहते, म्हणून अधूनमधून तपासणी. ठराविक औषध अजून नाही. काटाच बंद केला तर गाड्या आत येणारच नाहीत, या विचारानं फ्रुक्टोकायनेज रोखण्यावर संशोधन चालू आहे. उंदरांत ते जनुक काढून टाकल्यावर अल्डोलेज बी नसतानाही फ्रुक्टोजचा त्रास टळलेला दिसला आहे. माणसांचं अजून पुढं.

"या जनुकाचा कॅन्सरशी संबंध आहे असं वाचलं."

यकृताच्या कर्करोगाच्या पेशींत अल्डोलेज बी घटलेलं आणि अल्डोलेज ए वाढलेलं आढळतं, हे खरं. पण तो गाठीतल्या पेशींचा बदल आहे. आपल्या मुलाच्या अहवालाशी त्याची सांगड घालून रात्री जागू नका.

"दात मात्र चांगले आहेत हो त्याचे!"

आहेत. साखरच नाही तर कीड कुठून लागणार? न कळता मोठी झालेली अनेक माणसं अशाच दातांवरून ओळखू येतात. एकही किडका दात नाही, आणि गोड म्हटलं की अंगावर काटा.

"सणावाराला, प्रसादाला काय करता? देवाचं नाही म्हणता येत नाही."

म्हणता येतं. आमच्याकडे आता सत्यनारायणाला शिरा होतो, पण तीर्थाच्या आधी त्याच्या हातावर दह्याचा थेंब ठेवतात. पंचामृतातलं दही, मध-साखर मिसळायच्या आधी बाजूला काढलेलं. भटजीबुवांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, दहीही पंचामृतच आहे. संक्रांतीला त्याला तीळ नुसते भाजून मिठात घोळवून. पाडव्याला साखरेच्या गाठी गुढीवर चढतात, उतरल्यावर त्याच्यापासून लांब जातात. पाहुणा आला की गूळ-पाणी पुढं करायचं काम घरात त्याचंच आहे. वाटीला हात न लावता ताट असं धरून नेतो की बघत राहावं.

गल्लीच्या गणपतीत आरतीनंतर चिरमुरे-बत्तासे वाटतात. आपले बत्तासे तो चुलतबहिणीला देतो आणि बदल्यात तिचे चिरमुरे घेतो, फुंकून फुंकून पूड उडवून. एका बत्ताशाला एक मूठ असा भाव होता. यंदा त्यानं तो दोन मुठींवर नेलाय.